रा आणि ऱ्हा

माझ्या घरात मराठीच बोलायचं, हा नियम माझा. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागा नाही. नवरा होता तोवर तो ह्या नियमाला हसायचा, पण तो गेला आणि मग घरात माझ्या तोंडाला तोंड देणारं कुणी उरलं नाही. बाहेर वाटेल ते बोला, दख्खनी बोला, तेलुगू बोला, उंबऱ्याच्या आत मराठी. माझा बाप नांदेडकडनं पोटासाठी इकडं आला, काचीगुड्याला दोन खोल्या घेऊन राहिला आणि आम्हा भावंडांना त्यानं हौसेनं मराठी शाळेत घातलं. ती शाळा बंद पडली. विहारात वंदना झाल्यावर चार म्हाताऱ्या मराठीत गप्पा मारायच्या, त्याही एकेक करून गेल्या. माझा मुलगा मराठी फाडफाड बोलतो, पण चार ओळी वाचायला द्या, अक्षर अक्षर जोडत बसतो. मला त्याची फार भीती वाटायची. तेव्हा मला वाटायचं, ह्याहून मोठी भीती काय असणार.

गंमत अशी की मी स्वतः आबिड्सच्या एका ऑफिसात तीस वर्षं खिडकीत बसून तेलुगू बोलले. लोक खिडकीतनं हात घालून कागद पुढं करायचे आणि मी मान वर न करता म्हणायची, "उंडंडी." म्हणजे थांबा. समोर कुणी पोरसवदा असला तर नुसतं "उंडु". थांब. दिवसातनं शंभरदा. संध्याकाळी पर्स उचलली की ती भाषा टेबलावर ठेवून मी घरी यायची.

आणि मुलानं लग्न केलं ते तेलुगू मुलीशी. दोघं कुकटपल्लीला एकाच ऑफिसात. विहारातच लग्न झालं. तिची आई खम्मम जिल्ह्यातनं आलेली, तिनं डोळे पुसत आवकाया लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली आणि मला तेलुगूत काहीतरी सांगितलं. मला सगळं कळलं, तरी मी नुसती मान हलवली. पहिल्याच आठवड्यात सुनेला नियम सांगितला. मला वाटलं पोरगी तोंड फुगवेल, तर ती हसली. म्हणाली, शिकते. आणि शिकली की हो! माझ्या मुलापेक्षा बरं शिकली. फक्त मला आई म्हणायचं तिच्या अंगवळणी पडेना. घाईत असली की तोंडातनं 'अत्तम्मा' यायचंच. तेलुगूत सासूला तसं म्हणतात. मी भुवई उचलली की जीभ चावायची आणि "आई" म्हणायची.

एका शब्दाशी मात्र तिचं कधी जमलं नाही. आमच्याकडं 'राहा' कुणी म्हणत नाही, 'ऱ्हा' म्हणतात. ऱ्हा तिथंच. ऱ्हा की जराशी. आणि तेलुगूत 'रा' म्हणजे ये. नेमकं उलटं. ती भांडी घासायला बसली की मी बाहेरच्या खोलीतनं ओरडायची, ऱ्हा गं, मी घासते! की ही साबणाच्या हातांनी दारात हजर, बोलावलंत का म्हणून. मुलगा पोट धरून हसायचा. नात बोलायला लागल्यावर तीही सामील झाली. चार वर्षांची कार्टी आईला शिकवायची, रा म्हणजे रा आणि ऱ्हा म्हणजे ऱ्हा, आणि दोन्ही अगदी सारखंच म्हणायची.

मुलगा एकदा म्हणाला होता, आई, सरळ उंडु म्हण ना, तुला येतं की. मी म्हणाले, माझ्या घरात मी माझ्या आईचा शब्द बोलीन. शिकेल ती हळूहळू, त्यानं काय आभाळ कोसळतंय का, असंही म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही तेव्हा शाबूत होता.

त्या मे महिन्यात सलग चार दिवस असं तापलं की दुपारी नळाखाली हात धरवेना. पाचव्या दिवशी सकाळी नातीचं अंग कोमट लागत होतं. सून ऑफिसला जायला तयार नव्हती. मीच म्हणाले, जा, मी आहे ना. मुलानं निघताना फोनवर हवामानाची बातमी वाचून दाखवली, की उत्तरेकडनं गार हवेचा पट्टा सरकत येतोय, इथल्या तापलेल्या हवेला येऊन भिडला की वादळ होईल, थोड्या वेळात फार पाऊस पडेल, सखल वस्त्यांत एकाएकी पाणी चढू शकतं. मी म्हणाले, येऊ दे बाबा, तेवढाच गारवा.

दुपारी पोरीचा ताप चढला. औषधाच्या बाटलीत तळाशी होतं तेवढं पाजलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि सुनेला फोन केला. आता माझा आवाज असा आहे की दूध उतू गेलं म्हणून सांगितलं तरी ऐकणाऱ्याला घर पेटल्यासारखं वाटावं. ती म्हणाली, निघतेच. मी म्हणाले, येताना तेवढी बाटली आण. चारच्या सुमारास पोरीला घाम सुटला, ताप खरंच उतरला, तिनं अर्धी वाटी पेज खाल्ली. हे सांगायला सुनेला पुन्हा फोन लावला तर लागेना. तीनदा लावला. मग म्हटलं, येईलच घरी, आल्यावर बघेल पोरगी खेळताना.

थोड्या वेळानं माझा फोन आपणहून भोंग्यासारखा किंचाळला. पडद्यावर तेलुगूत मोठा मजकूर. मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. खाली इंग्रजीही असावं, पण चष्मा सापडेपर्यंत पडदा काळा झाला. पोराला मराठी वाचता येत नाही म्हणून नावं ठेवणारी मी, हातात इशारा धरून उभी.

मग वारा आला. मी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या गोळा करत होते. स्टेशनच्या बाजूनं आभाळ शाईसारखं झालं आणि एकदम इतकी गार झुळूक आली की अंगावर काटा आला. काय सांगू, किती बरं वाटलं! गल्लीतले सगळे बाल्कनीत आले. चार दिवस एकमेकांवर खेकसणारी माणसं हसत होती. गारा पडायला लागल्या. मी नातीला उठवून बाल्कनीत आणलं आणि तिच्या तळहातावर एक गार ठेवली. ती गार तिनं तोंडात टाकली आणि मीही एक टाकली. त्या दहा मिनिटांच्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

गारा थांबल्या आणि पाऊस सुरू झाला. तो पाऊस नव्हताच, वरनं कुणीतरी ओततंय असं पाणी होतं. वीज गेली. विजा अशा कडाडत होत्या की नात माझ्या मानेला घट्ट चिकटली. आमची गल्ली उतारावर, वरच्या रस्त्यांचं सगळं पाणी इथनंच खालच्या नाल्याकडं जातं. घोटाभर पाणी बघता बघता गुडघाभर झालं. खालच्या दुकानातले दोघंजण पहार घेऊन आले आणि आमच्या फाटकासमोरच्या गटाराचं झाकण त्यांनी उचललं. पाणी तुंबलं की दरवर्षी इथं असंच करतात. झाकण काढायचं आणि कुणी आत पडू नये म्हणून त्यात झाडाची फांदी खोचायची. वाऱ्यानं गुलमोहराची फांदी मोडून पडली होती, तीच त्यांनी खोचली. लाल फुलांसकट. मी वरनं म्हणाले, बरं केलं. मग पाणी मांडीला लागायला लागलं तसे ते दोघं दुकानाचं शटर ओढून मागच्या जिन्यानं वर गेले.

मी फांदीकडे बघत होते, ती एकदा कलली, सरळ झाली, पुन्हा कलली. मग गेली. पाणी वरनं सपाट दिसत होतं, कुठं खड्डा आहे असं वाटतही नव्हतं.

तेवढ्यात समोर सून दिसली.

ऑटोवाल्यानं तिला गल्लीच्या तोंडाशी सोडलं असणार. भिंतीच्या कडेकडेनं ती समोरच्या मेडिकलच्या पायऱ्यांपर्यंत आली होती. दुकान बंद करायची घाई चालली होती तरी तिनं काहीतरी विकत घेतलं, बॅगेत टाकलं आणि वरच्या पायरीवर उभी राहिली. पायरी उंच आहे, तिथं पाणी पोचलं नव्हतं. शेजारी इस्त्रीवाले चाचा आपल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर धरून उभे होते. तिनं वर बघितलं. मी बाल्कनीत, कडेवर पोरगी. ती तिथं तासभर उभी राहिली असती तर काही झालं नसतं. पाणी तासाभरात उतरलंच.

मला फक्त एवढंच दिसत होतं, की ती आणि फाटक यांच्या बरोबर मधे ते भोक आहे आणि तिला ते माहीत नाही. मी कठड्यावर वाकले आणि हात हलवून ओरडले, "ऱ्हा! ऱ्हा तिथंच! ऱ्हा!"

'थांब' म्हणाले असते तरी चाललं असतं. थांब तिला पक्कं येत होतं. पण भ्यालेलं माणूस शाळेतली भाषा बोलत नाही, आईची बोलतं. 'तिथंच' पावसात विरून गेलं असणार. आणि हात? थांब म्हणताना आपण तळवा खाली करून हात हलवतो, आणि ये म्हणतानाही तसाच.

तिचा चेहरा बदलला. तिनं माझ्या कडेवरच्या पोरीकडं बघितलं. पोरीनं विजेला भिऊन मान माझ्या खांद्यावर टाकली होती. दुपारी मी फोनवर सांगितलेलं ते तिच्या डोक्यात असणार, ताप चढलाय. आणि आता सासू बाल्कनीतनं हात करकरून ओरडतेय, ये, ये, ये.

तिनं पायरीवरनं पाय खाली टाकला आणि ओरडून उत्तर दिलं, "वस्तुन्ना, अत्तम्मा!"

येतेय, अत्तम्मा. मला त्या क्षणी कळलं. मी अर्थ लावत बसले नाही, तीस वर्षं ज्या भाषेत बोलले ती मला लगेच कळली. तिला काय ऐकू गेलं ते मला कळलं, आणि तरी माझ्या तोंडातनं काय निघावं? तेच. आणखी जोरात. "ऱ्हा! ऱ्हा!" ती आणखी घाई करायला लागली.

पाच-सहा पावलं टाकली असतील तिनं. मांडीपर्यंत पाणी, बॅग छातीशी धरलेली. मग ती नव्हती. ओरडलीसुद्धा नाही. चाचांनी गाठोडं टाकून पाण्यात उडी घेतली, शटरवाले धावले, दोरी आली. मी पोरगी कडेवर घेऊन जिना उतरले आणि खालच्या तिसऱ्या पायरीवर पाण्यात बसले. पोरगी विचारत होती, आई कुठं गेली. तिनंही बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली, पार खाली, जिथं नाला उघडा होतो तिथं. बॅग खांद्याला तशीच होती. बॅगेत तापाच्या औषधाची नवी बाटली, सील न फोडलेली. ती बाटली मुलानं फडताळात ठेवली आणि कुणी तिला हात लावला नाही.

तिची आई आली. माझ्या घरात, उंबऱ्याच्या आत, मी तिच्याशी तेलुगूत बोलले. कुणी नवल केलं नाही. तिनं विचारलं, माझी पोरगी शेवटी काही बोलली का? मी म्हणाले, नाही. ती माझा हात हातात घेऊन किती वेळ बसली होती. तिला वाटत होतं माझंही दुःख तिच्याएवढंच आहे. होतंच ते, पण त्यात आणखी एक होतं आणि ते मी तिच्यापासून चोरलं.

चाचा आठवड्यानं आले. सुनेचे पाच कुर्ते त्यांच्याकडं इस्त्रीला होते. ते घडी घालून, वर्तमानपत्रात बांधून घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. पैसे घेईनात. मग खाली बघत हळूच म्हणाले, "अम्मा, एक बात पूछूँ? इत्ते पानी में आप बहू कू कायकू बुलाये?"

मी म्हणाले, नाही बुलाये.

"मैं सुना ना अम्मा. रा, रा, बोले आप. घरवाले बुला रै बोलके मैं उसकू रोका नै." आणि म्हातारा माणूस माझ्या दारात रडायला लागला. आठवडाभर तो ते मनात घेऊन फिरत होता, की मी हात धरला असता तर. मी तिथंच त्यांना खरं सांगायला पाहिजे होतं, की चाचा, तुमचा काही दोष नाही, माझा शब्द तसा आहे. मी कुर्ते घेतले आणि दार लावलं. इतकी नीच मी त्याआधी कधी वागले नव्हते.

मुलाचं एकच चाललं होतं, ती थांबली का नाही? रस्ता ओलांडताना दोन्हीकडं दोनदा बघणारी मुलगी. पाण्याला भिणारी. पायरीवर उभी होती, सुरक्षित होती, मग उतरली कशी? रोज जेवताना तेच. कधी स्वतःला बोलायचा की मी तिला घ्यायला जायला पाहिजे होतं, कधी झाकण काढणाऱ्यांना शिव्या द्यायचा, कधी तिलाच रागवायचा, इतकी कसली घाई होती म्हणून. तिच्यावर तो रागवला की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत जायची. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं तू काय केलंस, आणि मी म्हणाले होते, थांब म्हणून ओरडले. मी अर्थ सांगितला, शब्द सांगितला नाही.

जून निम्मा झाला तेव्हा एका संध्याकाळी तो पुन्हा म्हणाला, एवढी शिकलेली मुलगी आणि इतका मूर्खपणा. मूर्खपणा हा शब्द मला सहन झाला नाही. ताटावरनं हात बाजूला घेऊन मी म्हणाले, "ती मूर्ख नव्हती. मी ऱ्हा म्हणाले."

तो दोन्ही भाषा बोलतो. त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही. मी पुढचंही सांगितलं, वस्तुन्ना म्हणाली ते, आणि मला कळल्यावरही मी पुन्हा तेच ओरडले ते. मला वाटलं तो ओरडेल, ताट भिरकावेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "तुला तेलुगू येत होती, आई."

एवढंच. उठला, हात धुतले आणि पोरीजवळ जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेले आणि त्यांना सांगितलं. खम्ममला फोन लावून सुनेच्या आईलाही तिचे शेवटचे शब्द सांगितले, आणि ते कशामुळं निघाले तेही. तिनं सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला. त्यानंतर ती फोन करते तो मुलाला करते, मला नाही.

मुलगा आता पोरीशी तेलुगूतच बोलतो. माझ्यासमोर, माझ्या घरात. माझ्याशी मराठी बोलतो, कामापुरतं. भात वाढ. लाइटचं बिल आलं का. नियम कुणी मोडला असं म्हणायची माझी हिंमत नाही.

परवा सकाळी शाळेच्या बसची वाट बघत आम्ही फाटकात उभ्या होतो. पोरीला समोर चाचा दिसले. चाचा तिला रोज एक पेपरमिंट देतात. माझ्या हातातनं बोट सोडवून ती धावली आणि वरच्या अंगानं एक पाण्याचा टँकर उतारावरनं भरधाव येत होता.

"उंडु!"

माझाच आवाज होता. ऑफिसच्या खिडकीतला, कोरडा, मान वर न करता म्हणायचा तसा. पोरगी एक पाऊल उचललेल्या अवस्थेत जागच्या जागी थांबली. गटाराच्या झाकणावर. टँकर पुढनं निघून गेला. चाचांनी इस्त्री खाली ठेवली होती आणि ते माझ्याकडं बघत होते.

पोरगी वळली. तिला वाटलं मी रागावले, म्हणून घाईघाईनं मराठीत म्हणाली, "थांबले ना, आजी."